पक्ष, कोर्ट आणि बोलायची मुभा: तालुक्यातल्या एका जुन्या वळणाच्या वकिलाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी पस्तीस वर्षं वकिली करतो आणि उरलेल्या वेळात अकरा एकर वावर कसतो. पऱ्हाटी, तूर, अधूनमधून सोयाबीनचा जुगार. माझी राजकीय मतं गावाला पाठ आहेत: उजव्या बाजूचा, मंदिरात जाणारा, सरकारनं कमीत कमी लुडबुड करावी असं म्हणणारा. तरी पानठेल्यावर, बार रूममध्ये, एकदा तर मयतीला जाताना गाडीतसुद्धा लोक तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. प्रश्न ज्यानं जसा विचारला तसाच ठेवला आहे. उत्तरं थोडी शुद्ध केली, कारण पुण्यातली पुतणी वाचते आणि चुका काढते.

तुम्ही परंपरावादी, म्हणजे कमळवालेच ना?

मत गुप्त असतं, पण तुमचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघेल. तरी या दोन गोष्टी एक नाहीत. माझा निम्मा संसार धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणांवर चालला, म्हणून धुऱ्यावरूनच सांगतो. धुरा कोणी एका रात्रीत फोडत नाही. दरवर्षी वखरताना शेजाऱ्याच्या बाजूनं एक तास, म्हणजे औताची एक ओळ, आत घ्यायचा, धुरा कोरत राहायचा. दहा वर्षांनी मोजणीवाला आला की दोघंही गळ्याची शपथ घेऊन सांगतात, धुरा बापजाद्यांपासून इथंच आहे. पक्ष नियमांशी हेच करतात. सत्तेत असले की आपल्याकडं एक तास. धुरा जागेवर ठेवा, हलवायचाच असेल तर दोन्ही शेजारी उभे करून दिवसाउजेडी हलवा, असं म्हणणारा मी माणूस. कमळवाले कोरत असले तरी हेच म्हणतो. त्यामुळे तालुक्याच्या बैठकीत आजकाल माझी खुर्ची मागच्या रांगेत असते.

ग्रूपवर कोणीबी काहीबी टाकते. मी अ‍ॅडमिन. माह्यावर केस होते काय?

नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून होत नाही. आणि हा प्रश्न आपल्याच मुलखात सुटला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपमध्ये एका सदस्यानं एका महिला सदस्याबद्दल घाण लिहिलं. अ‍ॅडमिननं त्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, म्हणून पोलिसांनी अ‍ॅडमिनलाही आरोपी केलं. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं अ‍ॅडमिनवरचा खटला रद्द केला. कारण साधं होतं: अ‍ॅडमिनच्या हाती माणूस घेणं आणि काढणं एवढंच आहे, कोणी काय टाकणार ते त्याला आधी कळत नाही. दोघांचं संगनमत दिसलं तर गोष्ट वेगळी.

पण तुम्ही स्वतः पुढं ढकललेला मजकूर तुमचाच. वर 'फॉरवर्डेड' लिहून येतं म्हणून सुटका होत नाही. सकाळी सकाळी चहाच्या आधी पाच ग्रूपवर ढकलाढकल करणारे माझे दोन पक्षकार आहेत. त्यांच्या पेशीच्या तारखा माझ्या डायरीत आहेत.

स्टेटसवर सरकारबद्दल वाईट लिहिलं त पोलीस उचलते काय?

उचलू नये असा कायदा आहे. उचलत नाहीत असं मी शपथेवर सांगणार नाही.

आधी इतिहास. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ नावाचं कलम होतं. त्रासदायक वाटलं, चीड आली, एवढ्यावर तीन वर्षांची कैद. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंद का, असं फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि ते 'लाइक' करणाऱ्या पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. तिथून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला ६६अ रद्द झालं. गंमत पाहा, मेलेल्या कलमाखाली पुढं कित्येक वर्षं देशभर गुन्हे नोंदवले जातच होते. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की बाबांनो, या कलमात कोणावर खटला चालवता येत नाही.

दुसरं प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात मी पूर्णपणे विरुद्ध बाजूचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकानं ३७० कलम काढलं तो ५ ऑगस्टचा दिवस 'काळा दिवस' असल्याचं स्टेटस ठेवलं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. गुन्हा नोंद झाला. उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केला. ३७० गेलं त्या दिवशी मी चौकात पेढे वाटले होते. तरी निकाल वाचला तेव्हा म्हटलं, बरोबर आहे. सरकारचा निर्णय चुकला असं म्हणायचा हक्क ज्याला नाही, त्याच्या देशात पेढे वाटण्यातही काही अर्थ उरत नाही.

या निकालात एक माप वापरलं आहे, आणि ते नागपूरचं आहे हे आपल्या भागातल्या वकिलांनाही क्वचित ठाऊक असतं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, नागपूरला स्वतंत्र हायकोर्ट होतं तेव्हा, न्यायमूर्ती विवियन बोस यांनी लिहून ठेवलं की शब्दांचा परिणाम शहाण्या, कणखर, धीट माणसाच्या मापानं मोजायचा. डळमळीत मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापानं मोजायचा नाही. इंग्रजांचं राज्य, मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचं सरकार, आणि समोर वृत्तपत्राच्या लिखाणाचा वाद! १९४७ च्या लॉ रिपोर्टात छापलेलं ते वाक्य १९८८ मध्ये फाळणीवरच्या दूरदर्शन मालिकेच्या वादात सुप्रीम कोर्टानं उचललं. कोल्हापूरच्या प्रकरणात उचललं. २८ मार्च २०२५ ला काँग्रेसचे खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुजरातेतला गुन्हा रद्द करताना पुन्हा तेच. सिव्हिल लाइन्समधल्या त्या इमारतीपाशी गेलो की मला संत्र्याच्या आधी हे वाक्य आठवतं.

आता कामाचं. अशा बहुतेक कलमांची शिक्षा सात वर्षांच्या आत असते. अटकेआधी नोटीस द्यायची असते, जिला कोर्टात अजून सगळे ४१अ म्हणतात; नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३५ मध्ये गेली. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात एफआयआरच्या आधी, उपअधीक्षकांच्या परवानगीनं, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, ते कलम १७३. बोलण्या-लिहिण्याच्या तक्रारीत ही चौकशी आधी करणं योग्य, असं प्रतापगढी निकालात म्हटलं आहे. ठाण्यात बोलावलं तर जा, सोबत माणूस न्या, फोन हातात देण्याआधी कागद मागा, आणि ठाणेदाराशी वाद घालू नका. वाद घालायचे पैसे मला द्या.

घटनेत बोलायचं स्वातंत्र्य आहे ना? मंग हे कलमं कोठून आले?

बरीचशी इंग्रजांची. काही आपली. आणि मर्यादांची यादी लांबवण्याचं काम प्रजासत्ताकानं सोळा महिन्यांत सुरू केलं.

१९५० मध्ये मद्रास सरकारनं 'क्रॉस रोड्स' या डाव्या साप्ताहिकावर बंदी घातली. दिल्लीत संघविचाराच्या 'ऑर्गनायझर'ला छापण्याआधी मजकूर तपासून घ्या असा हुकूम मिळाला. दोघं सुप्रीम कोर्टात गेले, आणि २६ मे १९५० ला, एकाच दिवशी, दोघंही जिंकले. डावा आणि उजवा एकाच बंडीत बसून घरी आले असं फार वेळा घडत नाही. सरकारनं काय करावं? अजून पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती, संसद हंगामी होती, आणि जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री, गुन्ह्याला चिथावणी ही कारणं कलम १९(२) मध्ये घातली. 'वाजवी' हा शब्दही तेव्हाच आला, तेवढं पुण्य पदरात टाकू. पुढं जनसंघ काढणारे श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी संसदेत कडाडून विरोध केला.

आमच्या बैठकांत हा विरोध अभिमानानं सांगितला जातो. मी पण सांगायचो. मग एका तरुण कार्यकर्त्यानं विचारलं, काका, आता इतकी वर्षं आपली सत्ता आहे, तो भाग आपण मागं का घेतला नाही? मी चहा मागवला. राजद्रोहाचं १२४अ कलम मे २०२२ मध्ये कोर्टानं थांबवलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत 'राजद्रोह' शब्द गेला. पण त्या जागी आलेलं कलम १५२ वाचा आणि मला सांगा धुरा कोणत्या बाजूला सरकला.

देवाधर्माबद्दल कोणी वाईट बोललं त चूप बसायचं?

चूप कशाला बसायचं? उत्तर द्या, बहिष्कार टाका, कीर्तन ठेवा. प्रश्न ठाण्यात जायचं की नाही एवढाच आहे.

दंड संहितेतलं जुनं २९५अ, आता न्याय संहितेत २९९, हे कलम १९२७ चं. त्यात भावना दुखावल्या एवढं पुरत नाही. मुद्दाम आणि दुष्ट हेतूनं धर्माचा अपमान केला असावा लागतो, आणि १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टानं कलम टिकवलं ते याच दोन शब्दांच्या आधारावर. तक्रार लिहिणारे हे दोन शब्द विसरतात. मी श्रद्धाळू माणूस आहे, शेगावची वारी चुकवत नाही. पण गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्याचे. हातात झाडू, डोक्यावर खापर, आणि कीर्तनात समोर बसलेल्यांनाच विचारायचे, देवाला बोकड कापता, देव खातो का? हे आज कोणी मोबाइलवर टाकलं असतं तर रात्रीतून तीन तालुक्यांतून निवेदनं गेली असती, आणि त्यातलं एक आमच्या लोकांचं असतं. धर्म टिकवायचा म्हणणाऱ्यानं धर्माच्या आतला हा आवाज कापून चालत नाही.

अमेरिकेत काहीबी बोलता येते म्हणे?

आपल्यापेक्षा पुष्कळ. त्यांची पहिली घटनादुरुस्ती १७९१ ची, आणि तिनं मुभा वाढवली. आपल्या पहिल्या दुरुस्तीनं काय केलं ते वर आलंच. १९६९ पासून तिथं नियम असा की ताबडतोब बेकायदा कृत्य घडवण्यासाठी चिथावणी असेल आणि तसं घडण्याचा संभवही असेल, तरच सरकारनं हात घालायचा. पण त्यांच्या न्यायाधीशांच्या नावापुढं कोणत्या राष्ट्राध्यक्षानं नेमलं ते पेपरवाले छापतात. ते दुखणं आपल्याला नको.

सरपंच जनतेतून का सदस्यांतून? तुम्ही कोणत्या बाजूचे?

२०१७ मध्ये युती सरकारनं थेट जनतेतून केला. २०२० मध्ये महाविकास आघाडीनं सदस्यांतून केला. २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारनं पुन्हा जनतेतून. पाच वर्षांत तीन उड्या. दोन्ही पद्धतींच्या बाजूनं बोलता येतं. थेट निवडीत सदस्य पळवून सहलीला नेण्याचा धंदा कमी होतो. पण सरपंच एका गटाचा आणि सदस्य दुसऱ्या गटाचे असले की पाण्याच्या टाकीचा ठराव तीन वर्षं पडून राहतो, आमच्या शेजारच्या गावात राहिला आहे. मला थेट निवड आवडते. तरी खरं सांगू का, कोणतीही एक पद्धत वीस वर्षं ठेवली असती तर जास्त आवडलं असतं. पोरगं शाळेत घालायचं आणि दरवर्षी माध्यम बदलायचं, असा हा प्रकार.

आमचा झेडपी मेंबर दुसऱ्या पक्षात गेला. त्याचं काहीच होत नाही काय?

होऊ शकतं. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढली जात नाही, म्हणून तिथं पक्षांतराचा प्रश्न नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला मात्र १९८६ चा राज्याचा अनर्हता कायदा आहे, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो.

वरच्या पातळीवर १९८५ ची ५२वी घटनादुरुस्ती, म्हणजे दहावी अनुसूची, पक्षांतरबंदीचा कायदा. मूळ दुरुस्तीत एक तृतीयांश फुटले तर माफ होतं. २००३ मध्ये ती पळवाट बंद केली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची ठेवली. म्हणजे किरकोळ चोरी बंद, ठोक चालू. पण खरा खिळा दुसराच आहे: निवाडा करतो विधानसभेचा अध्यक्ष, आणि तो असतो बहुमतवाल्यांचा. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ही व्यवस्था तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवली. त्या दोघा अल्पमतवाल्यांनी तेव्हाच म्हटलं होतं की अध्यक्षाची खुर्ची सभागृहाच्या बहुमतावर उभी असते, त्याच्याकडून तटस्थ निवाड्याची अपेक्षा कशी धरायची?

मग आपल्या राज्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी विश्वासमताला सामोरं न जाता राजीनामा दिला. ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टानं म्हटलं, राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलवायला पुरेसा आधार नव्हता, शिंदे गटाच्या प्रतोदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती; पण राजीनामा दिल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही, आणि अपात्रतेचं अध्यक्षांनी वाजवी मुदतीत ठरवावं. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचा निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. दोन्ही गटांतलं कोणीही अपात्र नाही! माझ्याकडं वाटणीचा दावा असा सुटला असता तर दोन्ही भावांनी मिळून मला बडवलं असतं.

मला त्या वेळी सत्ताबदल झाला याचं राजकीयदृष्ट्या वाईट वाटलं नाही, हे लपवत नाही. रीत मात्र मला पटली नाही, आणि तेव्हाही मी तसं म्हटलं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं संसदेला सुचवलं होतं की हे काम अध्यक्षांकडून काढून कायम न्यायाधिकरणाला द्यावं. ३१ जुलै २०२५ ला तेलंगणाच्या प्रकरणात अध्यक्षांना तीन महिन्यांची मुदत घालून दिली आणि संसदेला पुन्हा विचार करायला सांगितलं. संसदेतल्या कोणत्याही पक्षाला घाई दिसत नाही. प्रत्येकाला वाटतं, उद्या अध्यक्ष आपला असेल.

लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचा कायदा न्यायाधीश कसे रद्द करते? त्यांना कोणी मत दिलं?

कोणीच नाही, आणि म्हणूनच त्यांनी जपून पाऊल टाकावं. माझी तक्रार खरी आहे. २०१४ मध्ये संसदेनं जवळपास एकमतानं न्यायाधीश नेमणूक आयोगाची ९९वी घटनादुरुस्ती केली, सोळा राज्यांनी मंजुरी दिली. १६ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टानं ती चार विरुद्ध एक अशी रद्द केली. न्यायमूर्ती चेलमेश्वर एकटे उलट बाजूला. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायचे, ही १९९३ च्या निकालातून आलेली कॉलेजियमची पद्धत घटनेच्या मजकुरात कुठं दिसत नाही. राज्यपालांनी विधेयकावर किती दिवसांत सही करावी याचं वेळापत्रक एप्रिल २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांनी आखून दिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना मत देताना म्हटलं, असं वेळापत्रक कोर्टाला आखता येत नाही. दुसरं मत मला बरोबर वाटतं. राज्यपालांनी विधेयकं उशाशी घेऊन झोपावं असा मात्र त्याचा अर्थ नाही, हे आमच्या लोकांना कोणी सांगायचं?

पण कोर्टाला सरळच करा, कशाला हवेत स्वतंत्र न्यायाधीश, असं कोणी म्हणालं की मी माझ्या मोठ्या काकांची गोष्ट सांगतो. आणीबाणीत ते 'मिसा' या बिनाखटला डांबण्याच्या कायद्याखाली आत होते. आरोप नाही, पेशी नाही, सुटकेची तारीख नाही. आजी रोज संध्याकाळी ओसरीवर त्यांचं ताट वाढून ठेवायची. त्या वेळी देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी, त्यात आपल्या नागपूर खंडपीठानंही, म्हटलं की आणीबाणी असली तरी अटक बेकायदा आहे का हे आम्ही तपासू शकतो. सुप्रीम कोर्टानं २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक अशा मतांनी ते सगळं पुसून टाकलं. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना उभे राहिले, आणि पुढं त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं गेलं. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी तो निकाल अधिकृतपणे गाडला. काका तोवर गेले होते. सरकारच्या मर्जीनं चालणारं कोर्ट कसं दिसतं ते आमच्या घरानं पाहिलं आहे, म्हणून कॉलेजियमवर चिडूनही मी नेमणुकीची किल्ली कोणत्या मंत्र्याच्या कमरेला बांधा असं म्हणत नाही.

बोबडेसाहेब, गवईसाहेब आपल्या भागातले सरन्यायाधीश झाले. विदर्भाले काय भेटलं?

काही नाही. भेटूही नये.

नक्षल्याच्या केसमधले लोक कोर्ट सोडून देते. हे चालते तुम्हाले?

हा प्रश्न माझ्या चुलतसाळ्यानं विचारला, तो गडचिरोलीत नोकरी करून आला. तिथं किती पोलीस आणि किती आदिवासी मारले गेले ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं. त्याच्याशी बोलताना मी आवाज खाली ठेवतो.

दिल्लीतले प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्यावर माओवाद्यांशी संबंधांचा आरोप होता, त्या प्रकरणात गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानं २०१७ मध्ये सगळ्या सहा आरोपींना दोषी ठरवलं. १४ ऑक्टोबर २०२२ ला नागपूर खंडपीठानं सोडलं, कारण यूएपीए हा बेकायदा कृत्यांविरुद्धचा कडक कायदा लावताना आधी घ्यायची मंजुरी नीट घेतली नव्हती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सुप्रीम कोर्टानं खास बसून तो निकाल थांबवला. पुढं प्रकरण परत नागपूरला आलं आणि ५ मार्च २०२४ ला दुसऱ्या न्यायाधीशांनीही सोडलं. या वेळी मंजुरीबरोबर पुरावाही टिकला नाही असं म्हटलं. सहांपैकी एक आदिवासी तरुण निकालाच्या आत तुरुंगातच मेला होता.

चुलतसाळा म्हणतो, ही तांत्रिक पळवाट. मी म्हणतो, इतका कडक कायदा करताना संसदेनं स्वतःच घातलेलं कुलूप आहे ते. जामीन मिळणं जवळपास अशक्य करायचं, मग निदान आधी एका स्वतंत्र माणसानं कागद पाहावा. माझा नक्षलवादाला विरोध आहे, आणि सरकारी पक्षानं ढिसाळ तपास केला म्हणून तर माझा राग दुप्पट आहे. तो मानत नाही. दिवाळीला आम्ही तुरीच्या भावावर बोलतो.

मंग जनसुरक्षा कायद्याले तुमचा पाठिंबा आहे का नाही?

हेतूला आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं कडव्या डाव्या संघटनांविरुद्ध हे विधेयक मंजूर केलं. जंगलातल्या बंदुकीला शहरातून पैसा आणि माणसं पुरवणारं जाळं असेल तर ते तोडलंच पाहिजे. पण 'बेकायदा कृत्य' याची व्याख्या मी तीनदा वाचली, आणि तीनदा वाटलं की उद्या दुसऱ्या रंगाचं सरकार आलं तर 'डावं' हा शब्द खोडून दुसरा लिहायला एक अधिवेशन पुरेल. मग कापसाच्या भावासाठी रस्ता अडवणारे आम्हीच त्यात.

न्यायाधीशाच्या निकालावर टीका केली त कोर्टाचा अपमान होतो काय?

निकालावर प्रामाणिक टीका चालते. १९७१ च्या अवमान कायद्यातच तसं लिहिलं आहे, आणि २००६ पासून सत्य हा बचावही धरता येतो. न्यायाधीशानं पैसे खाल्ले असं पुराव्याशिवाय लिहाल तर मी वकीलपत्र घेणार नाही.

यंदा पोळ्याले झडती म्हणायची आहे. आधी तुम्हाले दाखवू काय?

बाहेरच्या वाचकांसाठी: पोळ्याला आखरावर, म्हणजे गावाजवळच्या मोकळ्या जागेत, तोरण बांधतात, बैल रांगेत उभे राहतात, आणि तोरण तुटायच्या आधी गावकरी झडत्या, म्हणजे चिमटे काढणाऱ्या तुकबंदीच्या ओळी, म्हणतात. सावकार, पाटील, पुढारी, जावई, कोणी सुटत नाही. ज्याच्यावर झडती, तो समोर बैलाचा कासरा धरून उभा असतो आणि त्याला हसावंच लागतं. दुसऱ्या दिवशी मारबत निघते, नागपुरात तर बडग्यांची मिरवणूक, मोठमोठ्या नेत्यांचे पुतळे करून टोमणे मारायचे आणि जाळायचे. बोलायची मुभा दिल्लीहून किंवा लंडनहून आली असं मला कोणी सांगू लागलं की मी त्याला पोळ्याला बोलावतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या एका पोट्ट्यानं म्हटलं:

सडक मंजूर, बोर्ड मंजूर, फोटो त्यावर मोठा,
गिट्टी गेली कोठी राजा, रस्त्यात नुसता गोटा!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

फोटो कोणाचा ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्याच विचाराचा पुढारी. कोणीतरी व्हिडिओ काढला, त्याच्या कार्यकर्त्यानं तक्रार दिली. पोट्ट्याला चार तास बसवून ठेवलं. मी ठाण्यात गेलो तर आधी मलाच फोन आला: साहेब, तुम्ही आपले, तुम्ही कशाला यात? गुन्हा नोंद झाला नाही, होण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण शांतता राखण्याचा बॉन्ड का लिहून घेऊ नये, अशी नोटीस आली, जिला अजून सगळे एकशे सात म्हणतात. तीन पेशा झाल्या, तीन रोजी बुडाल्या, मग प्रकरण गळून पडलं. कायद्यानं बघितलं तर आम्ही जिंकलो.

पुढच्या वर्षी पोळ्याला पाच झडत्या झाल्या. दोन महादेवावर, एक पावसावर, एक मोबाइलवर, एक सूनबाईवर. पुढाऱ्यावर एकही नाही. तोरणाखाली तो पुढारी फेटा बांधून उभा होता आणि टाळ्या वाजवत होता. त्या दिवशी घरी येऊन मी विवियन बोस यांचा तो निकाल पुन्हा काढून वाचला.

तर प्रश्नाचं उत्तर: नको, दाखवू नका. वकिलाला दाखवून म्हटलेली झडती ही झडती राहत नाही, तो अर्ज होतो. कोणाच्या जातीवर, कोणाच्या लेकीबाळीवर जाऊ नका, ते आखरावर कधीच चालत नव्हतं. बाकी मोकळं रान आहे. माझ्यावरही एक तयार आहे असं पानठेल्यावर कानावर आलं, फी घेतो आणि तारीख घेतो अशी काहीतरी. ती सगळ्यात आधी म्हणा. माझी जोडी यंदा पहिल्या रांगेत उभी राहणार आहे, कासरा माझ्याच हातात असेल.